ढोल वाजवणाऱ्याच्या कानांचे काय?

३० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील खंडपीठाने गणेशोत्सवातील आवाजासंबंधी आदेश दिला आणि त्यात ढोल-ताशा पथकातील सदस्यांची संख्या तीसवर मर्यादित ठेवण्याची अट घातली. पंधरा दिवसही उलटले नाहीत तोच, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. मधल्या काळात पुण्यात जो वाद रंगला त्यात एका बाजूला परंपरेचा अभिमान होता आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यालगत राहणाऱ्या वृद्धांचा, रुग्णांचा, तान्ह्या मुलांचा त्रास होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. परंतु त्या वादातले जेवढे माझ्या वाचनात आले, त्यात ज्याच्या कानापासून ताशा जेमतेम हातभर अंतरावर असतो त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा विचार कोठेच नव्हता. वादकांची मोजदाद झाली ती आवाज करणाऱ्यांची संख्या म्हणून. तो आवाज सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांच्याच कानांत जातो, हे कोणाच्या हिशेबात आले नाही.

ही चूक केवळ त्या वादापुरती नाही. आपल्या कायद्याची रचनाच तशी आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये असे सांगितले. या नियमांमागचा विचार योग्यच आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने याच नियमांना महाराष्ट्रात बळ दिले. मात्र हे सारे मोजमाप सीमेवरचे आहे, म्हणजे शेजाऱ्याच्या कानाचे आहे. कुंपणाच्या आत, ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याच्या किंवा पथकाच्या मधोमध उभ्या असलेल्या वादकाच्या कानापर्यंत किती आवाज पोहोचला, हे पाहण्याची जबाबदारी या नियमांत कोणावरच नाही. याउलट कारखान्यातील कामगारासाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा कामगार-सुरक्षेच्या कायद्याच्या अनुसूचीत नोंदवलेला रोग आहे. प्रेस-शॉपमधल्या कामगाराला कायदा कानांचे संरक्षण देतो. त्याच कामगाराचा मुलगा संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातो तेव्हा तो ना कामगार असतो, ना शेजारी.

आवाजाच्या इजेचा हिशेब आपल्याकडे फारसा माहीत नसल्यामुळे तो येथे थोडा सविस्तर मांडणे आवश्यक आहे. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. आवाज तीन डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा डेसिबलने वाढला की दसपट आणि वीस डेसिबलने वाढला की शंभरपट. कानाला होणारी इजा ही आवाजाची तीव्रता आणि त्यात घालवलेला वेळ या दोहोंवर मिळून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित मानलेला आठवड्याचा वाटा ८० डेसिबलला ४० तास असा आहे. लहान मुलांसाठी तो आणखी कमी, म्हणजे ७५ डेसिबलला ४० तास, धरला जातो. आता १०० डेसिबलचा हिशेब करून पाहावा. ऊर्जा शंभरपट झाली, म्हणून वेळ शंभराव्या हिश्शावर आला. ४० तासांचा शंभरावा हिस्सा म्हणजे २४ मिनिटे. आणि ही २४ मिनिटे एका संध्याकाळची नसून पूर्ण आठवड्याची आहेत. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी होणाऱ्या मोजणीत आवाज शंभरीच्या आसपास किंवा तिच्या पुढे गेल्याचे पुणेकर वर्तमानपत्रात वाचतच असतात. पथकाच्या आत तो त्याहून कमी असण्याचे काही कारण नाही. १०० डेसिबलमध्ये तीन तास सराव करणारा वादक एका संध्याकाळी साडेसात आठवड्यांचा वाटा संपवतो, आणि असा सराव गणेशोत्सवाआधी जवळजवळ दोन महिने चालतो.

इजा नेमकी कुठे होते? आतल्या कानातील शंखाकृती नळीत, म्हणजे कर्णावर्तात, जन्मतः सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनिलहरींचे रूपांतर मज्जातंतूंना कळणाऱ्या संकेतांत करण्याचे काम त्या करतात. पक्ष्यांच्या कानांत नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानांत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने सर्वांत आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचा उंच पट्टीचा प्रदेश दुबळा होतो, आणि म्हणून सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. माणूस बोलतोय हे ऐकू येते, पण गर्दीत, पंखा चालू असताना किंवा फोनवर ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. समोरचा पुटपुटतो आहे, असे आपल्याला वाटत राहते.

ताशाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातील एक बारीकसा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो; परंतु त्या स्नायूला आखडायला काही शतांश सेकंद लागतात आणि तो प्रामुख्याने खालच्या पट्टीचा आवाज अडवतो. ताशाचा ठोका तीक्ष्ण, उंच पट्टीचा आणि क्षणात येऊन जाणारा असतो. शरीराने दिलेले हे संरक्षण ताशापुढे फारसे चालत नाही. ढोलाचा घुमारा छातीत जाणवतो म्हणून आपण ढोलाला भितो, प्रत्यक्षात कानाची जास्त काळजी करावी ती ताशावादकांनी.

मिरवणुकीहून परतल्यावर कानांना दडे बसतात, आत बारीक शिट्टी वाजत राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पूर्ववत होते, हा जवळजवळ प्रत्येक वादकाचा अनुभव आहे. या पूर्ववत होण्यानेच मुलांचा घात होतो, कारण त्यातून ‘कान भरून येतो’ असा समज पक्का बसतो. अमेरिकेतील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की ऐकण्याची पातळी वरवर पूर्ववत झाल्यानंतरही केशपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसांत हे किती प्रमाणात घडते याबद्दल तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे आणि उंदरांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत हेही खरे. तरीही सकाळी दडे गेले म्हणजे काहीच झाले नाही, असे आता छातीठोकपणे कोणालाही म्हणता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल की ढोल वर्षातून दोन-अडीच महिने, इअरफोन मात्र बारा महिने कानात असतात, तेव्हा खरा दोषी तोच. हे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ऐकण्याच्या असुरक्षित सवयींमुळे जगभरातील १२ ते ३५ वयोगटातील एक अब्जाहून अधिक जणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे आणि त्यात इअरफोनचा वाटा मोठा आहे. लोकलच्या डब्यात किंवा रस्त्याच्या गोंगाटात गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो आणि घरी आल्यावर तो तसाच राहतो. युरोपात २०१३ पासून विकल्या जाणाऱ्या संगीत-उपकरणांना मूळ आवाज ८५ डेसिबलवर ठेवणे आणि त्याच्या वर जाताना सूचना देणे बंधनकारक आहे. आपल्या हातातले अनेक फोन ती सूचना देतात, आणि आपण ती वाचण्याआधीच अंगठ्याने बाजूला सारतो. बाहेरचा गोंगाट कापणारे इअरफोन ज्याला परवडतात त्याला कमी आवाजातही गाणे नीट ऐकू येते, एवढा त्यांचा उपयोग आहे. मात्र ते घालून रस्ता किंवा रूळ ओलांडणे हा वेगळाच धोका झाला. तथापि कानाला मिळणारी मात्रा एकत्र जमा होत जाते. सोमवारचा इअरफोन, बुधवारचा सराव आणि रविवारी चुलतभावाच्या वरातीतला डीजे यांची बेरीज एकाच कर्णावर्तात होते, आणि त्यांपैकी कोणता आवाज संस्कृतीचा आणि कोणता बाजारू हे केशपेशीला कळत नाही.

हे शेवटचे विधान अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. आवाजाच्या प्रश्नावर आपल्याकडे जी चर्चा होते तिच्यात अभिरुचीचा प्रश्न हळूच मिसळला जातो. ढोल-ताशा म्हणजे संस्कृती, डीजे म्हणजे धिंगाणा, आणि तिकीट काढून जाण्याचा सनबर्नसारखा संगीत-महोत्सव, जो २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला आणि पुढे पुण्यातही आला, तो म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची मौज, अशी आपण वाटणी करतो आणि मग आपल्याला न आवडणाऱ्या आवाजाविरुद्ध आरोग्याचे कारण पुढे करतो. किशोरवयीन मुलांना हा दुटप्पीपणा तत्काळ कळतो. ज्या काकांनी डीजेसाठी वर्गणी दिली तेच काका दुसऱ्या दिवशी ‘ते इअरफोन कानातून काढ, बहिरा होशील’ असे म्हणतात, तेव्हा मुलगा मान डोलावतो आणि आवाज आणखी एका खुणेने वाढवतो. ‘बहिरा होशील’ ही भीती त्याच्या दृष्टीने चाळीस वर्षांनंतरची आहे. आणि चाळीस वर्षांनंतरच्या गोष्टीची भीती घालून सोळाव्या वर्षी कोणाचे वर्तन बदलल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

म्हणून मुलांशी बोलायचे असेल तर ते जवळच्या भविष्याविषयी आणि त्यांना प्रिय असलेल्या गोष्टीविषयी बोलावे. पोलीस भरती आणि सैन्यभरती यांची तयारी करणारी कितीतरी मुले पथकांत आणि मंडळांत असतात. सैन्यदलाच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक कानाने स्वतंत्रपणे सहा मीटरवरची कुजबुज ऐकू यावी लागते. रेल्वेत इंजिन चालवण्याच्या नोकरीतही श्रवणाची तपासणी होते. एका हंगामाने कोणी त्या तपासणीत नापास होईल असे सांगणे अतिशयोक्तीचे ठरेल आणि मुलांशी अतिशयोक्ती करू नये, पण कान हाही मैदानी चाचणीइतकाच तयारीचा भाग आहे हे त्यांना पटू शकते. दुसरे म्हणजे संगीत. ज्याला ताशातली बारीक तड ऐकू येत नाही त्याला ती वाजवताही येणार नाही. जून २०२४ मध्ये ज्येष्ठ गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक श्रवणदोष झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी कारण विषाणूसंसर्गाचे सांगितले होते, मोठ्या आवाजाचे नव्हे. तरीही त्या निवेदनात त्यांनी आपल्या चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोन यांबाबत सावध केले. ऐकणे हीच ज्यांची पुंजी आहे त्यांचा शब्द शिक्षकांच्या किंवा पालकांच्या उपदेशाहून अधिक ऐकला जातो.

परंतु शब्दांपेक्षा रिवाज प्रभावी असतो, आणि माझा खरा आग्रह तेथे आहे. पथक ही शिस्तीची जागा आहे. पांढरा झब्बा कसा असावा, फेटा कधी बांधावा, टिपरू कसे धरावे, पथकप्रमुखाच्या इशाऱ्यावर ठेका कसा बदलावा, सरावाला किती दिवस यावे, या सगळ्याचे नियम मुले तक्रार न करता पाळतात, किंबहुना त्या नियमांमुळेच त्यांना पथक आवडते. कानातील बोळे, ज्यांना सगळे सरळ इअरप्लग म्हणतात, ते या नियमांत बसवणे अवघड नाही. पथकप्रमुखाने स्वतः ते घालून सरावाला उभे राहिले की नव्या मुलाला त्यात कमीपणा वाटणार नाही. एकट्याने घालायचे म्हटले तर चिडवाचिडवी होणारच. सगळ्यांनी घातले तर ते साहित्याचा भाग होते.

‘कानात बोळे घालून ढोल कसला वाजवायचा’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. फोमचे साधे प्लग उंच पट्टीचा आवाज जास्त अडवतात, त्यामुळे वादन जाड आणि दबलेले वाटते, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, आणि पहिले काही दिवस ठेका पकडायला त्रास होतो. सवयीने तो कमी होतो. वादकांसाठी खास बनवलेले, सर्व पट्ट्यांचा आवाज जवळजवळ सारखाच कमी करणारे प्लगही मिळतात. ते महाग असतात, पण पुन्हा पुन्हा वापरता येतात, आणि निदान ताशावादकांसाठी पथकाने ते घ्यावेत. फोमचा प्लग दहा-वीस रुपयांत मिळतो. तो बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, हे एकदा दाखवावे लागते. नुसता टेकवलेला प्लग काही कामाचा नसतो आणि कापसाचा बोळा तर जवळजवळ निरुपयोगी असतो. पाकिटावर लिहिलेली क्षमता प्रत्यक्षात निम्मीच मिळते असे धरले आणि फक्त १५ डेसिबल कमी झाले, तरी १०० डेसिबलचे ८५ होतात आणि आठवड्याची २४ मिनिटे साडेबारा तासांवर जातात. एवढ्या स्वस्तात एवढा फरक पाडणारी दुसरी उपाययोजना मला दिसत नाही.

सरावाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची गरज आहे. मिरवणुकीत आवाज मोठा असतो कारण समोर लोक असतात, आणि त्या एका दिवसाच्या उन्मादाविषयी कोणी कितीही लिहिले तरी तो पूर्णतः आटोक्यात येईल असे मी समजत नाही. परंतु वादकाला मिळणाऱ्या मात्रेचा बहुतांश भाग सरावातला असतो, आणि सरावात मोठ्या आवाजाची गरज कोणालाच नसते. हात बसवण्याचे काम सगळ्या ढोलांनी एकदम वाजवून करावे लागत नाही. नवशिक्यांना रबरी पट्टीवर ठेका शिकवता येतो, ताशावादकांना आलटून पालटून विश्रांती देता येते, मुलांना ओळीत थोडे अंतर ठेवून उभे करता येते. उघड्या जागेत अंतर दुप्पट केले की एखाद्या वाद्याचा आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. असे केले तर नदीकाठच्या सोसायट्यांशी दरवर्षी होणारी भांडणेही कमी होतील, हा त्यातला आणखी एक फायदा.

आवाजाविरुद्ध वर्षानुवर्षे लढणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. वादकांनी आणि नाचणाऱ्यांनी कानात प्लग घातले तर त्यांना आवाजाचे काहीच वाटेनासे होईल, ते आणखी जोरात वाजवतील आणि प्लग नसलेला शेजारी मात्र सगळे सोसत राहील, असे त्यांचे म्हणणे असते. तसे घडू शकते. म्हणून सीमेवरची मर्यादा सैल करण्याच्या बदल्यात प्लग, असा सौदा कोणी पुढे आणला तर त्याला ठाम विरोध केला पाहिजे. परंतु याच्या उलट्या बाजूकडेही पाहावे. ‘आमच्या आवाजाने कोणाला काही होत नाही’ असे जो मुलगा आज प्रामाणिकपणे मानतो, त्याच्या हातात त्याच्याच पथकाने कानाच्या संरक्षणाचे साधन दिले, तर त्या आवाजाने इजा होते ही गोष्ट त्याच्या माणसांनी त्याच्यापाशी प्रथमच मान्य केलेली असते. त्यानंतर रस्त्याच्या कडेला झोळीतल्या बाळाचे कान दाबून उभी असलेली बाई त्याला वेगळ्या नजरेने दिसण्याची शक्यता तरी निर्माण होते. खटल्यांनी आणि दंडांनी इतक्या वर्षांत ही कबुली मिळवलेली नाही.

शासनानेही येथे केवळ शेजाऱ्याच्या बाजूने विचार करून थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी जी मानके प्रसिद्ध केली त्यांत पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा, आवाजाचे सततचे मोजमाप, प्रेक्षकांना कानाच्या संरक्षणाची साधने उपलब्ध करून देणे आणि कानांना विश्रांती देता येईल अशी शांत जागा यांचा समावेश आहे. फ्रान्समध्ये २०१७ च्या नियमांनुसार प्रेक्षकांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजावर १०२ डेसिबलची मर्यादा कायद्यानेच आहे. आपल्याकडे मंडळाला किंवा महोत्सवाला परवानगी देताना पोलीस आणि महापालिका डझनभर अटी घालतात. त्यांत कार्यक्रमाच्या आतील आवाज मोजण्याची आणि प्लग ठेवण्याची अट घालणे कठीण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत श्रवणदोष पूर्वीपासूनच धरलेला आहे, पण तेथील भर स्वाभाविकपणे जन्मजात दोषांवर आणि कानाच्या आजारांवर असतो. आवाजाने दुबळा होऊ लागलेला उंच पट्टीचा प्रदेश साध्या तपासणीत सापडत नाही, त्याला श्रवणालेख, म्हणजे प्रत्येक पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढावा लागतो. मोठ्या पथकांनी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी आपल्या वादकांचे श्रवणालेख काढून घेतले, तर पुण्यासारख्या शहरात त्यासाठी लागणारी यंत्रे आणि तज्ज्ञ दोन्ही आहेत. स्वतःच्याच दोन आलेखांतला फरक पाहिलेल्या ताशावादकाला कोणाच्या व्याख्यानाची गरज पडणार नाही.

हरित लवादाच्या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाण्याइतकी संघटित शक्ती पथकांपाशी आहे, हे २०२४ मध्ये दिसलेच. वादकांची संख्या किती असावी हे बाहेरच्या कोणी ठरवू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या संख्येतल्या प्रत्येकाच्या कानाची जबाबदारी स्वतःहून घेतली तर त्यांचा मुद्दा न्यायालयातही अधिक वजनदार होईल. सरावाच्या वेळापत्रकात विश्रांती लिहावी, अठरा वर्षांखालील वादकांच्या पालकांकडून संमतिपत्र घेताना त्यात आवाजाच्या धोक्याची आणि प्लगची माहिती असावी, आणि शंभर जणांच्या पथकाला हंगामभर पुरतील एवढ्या प्लगांचा जो काही हजारांचा खर्च येईल तो मुलांच्या खिशातून न काढता मंडळाकडून घेतल्या जाणाऱ्या सुपारीतच धरावा.